माहेरचा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार. मुरुम

प्रबंध हातावेगळा होईपर्यंत जमेल तसं रोजचं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. तेरचे आमचे बब्रुवान गुरुजी म्हणायचे, मोठं काम करणाऱ्यानं शेजारी एक लहान काम चालू ठेवावं, म्हणजे हात गार पडत नाहीत. तर हे लहान काम.

मोठं काम असं. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि इतिहासात पीएच.डी. करतो. आमचा सोमेश, जो शेजारच्या टेबलावर बसून वाणिज्य शिकवतो, तो म्हणतो की जाफरसर म्हणजे सोलापूरचं तिकीट काढून लातूरच्या गाडीत बसलेला माणूस. असेना. विषय आहे जुनी धान्यसाठवण. जमिनीतलं पेव, भिंतीतलं बळद, तुराट्यांची कणगी, आणि ज्वारीला कीड लागू नये म्हणून बायका त्यात काय काय मिसळायच्या. तेर माझं जन्मगाव. तिथून सुरुवात करून अणदूर, मुरुम, आसपासची गावं फिरलो. मुदतवाढ आता शेवटची आहे, २८ मार्चची. त्या दिवशी प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला कुणी सांगू नये.

पण भीती वाटत नाही. प्रकरणं लिहून झाली आहेत. उरली आहे संदर्भसूची.

पानं मी संगणकावर, लेटेक नावाच्या प्रणालीत जुळवतो. गणिताच्या प्रश्नपत्रिका त्यावरच करत आलोय, त्यामुळे हात बसलेला आहे. मजकूर साधा लिहायचा, मध्ये हुकूम द्यायचे, पानं ते लावतं. संदर्भांची एक वेगळी फाईल असते. प्रत्येक आधाराची नोंद एकदाच करायची, मग प्रबंधात कुठंही नुसतं नाव घेतलं की ते आपोआप कंस, तळटीप, शेवटची यादी सगळं तयार करतं.

आज पहिल्यांदा यादी छापून पाहिली आणि हसू आलं. यंत्राला वाटतं प्रत्येक माणसाला आडनाव असतं आणि ते शेवटी असतं. त्यानं गुरुजींचं "गुरुजी, बब्रुवान" केलं. अणदूरच्या अयोध्या आक्का झाल्या "आक्का, अयोध्या". तीन गावच्या सगळ्या आक्का एकीखाली एक येऊन बसल्या, जणू एकाच घरच्या सुना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नावांचं जमलं. नाव दुहेरी महिरपी कंसात घातलं की यंत्र ते फोडत नाही, जसंच्या तसं ठेवतं. आता आक्का आक्काच्या जागी आणि गुरुजी गुरुजींच्या.

हर्षाली मॅडमनी सांगितल्याप्रमाणे याद्याही वेगळ्या केल्या. मॅडम माझ्या मार्गदर्शक, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, शिस्तीला कडक. छापील पुस्तकं एका यादीत, निजामकाळचे कागद दुसऱ्या, आणि तोंडी सांगणाऱ्यांच्या याद्या गावानुसार: तेर, अणदूर, मुरुम. प्रत्येक नोंदीला एक खूण चिकटवायची आणि यादी छापताना म्हणायचं, ही खूण असलेल्याच दे. एवढं सोपं. तरी ते चालल्यावर मी टेबलावर हात आपटला. आतून बायकोनं, फरहानानं, विचारलं, काय फुटलं?

तिला दाखवलं. ती चष्मा लावून तेरची यादी वाचत राहिली. बहुतेक मुलाखतींना ती माझ्याबरोबर होती. परक्या पुरुषापुढं बाया मोकळ्या होत नाहीत, ती चुलीपाशी जाऊन बसली की होतात. वाचून झाल्यावर म्हणाली, "तुमे औरतां का गाँव लिखे. मायका किसी का नै लिखे."

माझ्या तक्त्यात नाव, गाव, वय, तारीख असे रकाने आहेत. तसं तिला सांगितलं. ती "हौ" म्हणाली आणि भाकरी टाकायला गेली.

११ फेब्रुवारी, मंगळवार. धाराशिव

मॅडमची भेट. चौथं प्रकरण त्यांना फार आवडलं. प्रबंधाचा कणा तेच आहे, म्हणून थोडं लिहून ठेवतो.

गुरुजींनी, माझ्या लहानपणी, तेरमध्ये टेपरेकॉर्डर घेऊन फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बोलणं मुद्रित केलं होतं. ते वारल्यावर त्यांच्या कॅसेटी मी फोनमध्ये उतरवून घेतल्या. एकीत कडूबाई नावाची सोळा-सतरा वर्षांची मुलगी ज्वारी कशी ठेवायची ते सांगते. तिच्याआधीची मुलं जगत नव्हती, म्हणून नजर लागू नये असं नाव ठेवलेलं, असं गुरुजी सुरुवातीला सांगतात. ती म्हणते: "राख आव्याची घ्यावी, चुलीची नव्हं. चिमटीत धरली तर लोण्यावानी निसटली पायजे." आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. तेरला कुंभारवाडा मोठा, तेव्हा तिथं ही राख मिळणारच.

आणि गेल्या वर्षी अणदूरला अयोध्या आक्का, साठीकडे झुकलेल्या, मला म्हणाल्या: राख आव्याची घ्यावी, चुलीची नव्हं. चिमटीत धरली तर लोण्यावानी निसटली पायजे. शब्दाला शब्द!

दोन गावं, मध्ये एवढं अंतर, चार दशकांची फारकत, एकमेकींना कधी न पाहिलेल्या दोन बाया, आणि एकच वाक्य. यावरून मी असं मांडलं आहे की आव्याच्या राखेची पद्धत एका गावाची नाही, साऱ्या मुलखात जुन्या काळापासून पसरलेली होती. मॅडम म्हणाल्या, "दोन स्वतंत्र साक्षी आहेत, सर. परीक्षक इथंच खूश होतील. दोन्ही याद्या समोरासमोरच्या पानांवर येऊ द्या."

अणदूरच्या बाकीच्या बायकांनी चुलीचीच राख सांगितली होती, हे मी मॅडमना प्रामाणिकपणे सांगितलं. त्या बायकांना विसर पडला असावा, असं आमचं दोघांचं मत झालं.

तेरच्या कडूबाईचा शोध मी घेतला होता. लग्न होऊन गेली, आईबाप वारले, भाऊ पुण्याकडे, एवढंच कळलं. म्हणून नोंदीत "सध्याचा ठावठिकाणा अज्ञात" असं लिहिलं आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सुट्टी. सकाळच्या नमाजनंतर बसलो ते दुपारपर्यंत.

तोंडी आधाराचा कंस कसा दिसावा यावर विचार करत होतो. पुस्तकाला आडनाव आणि साल चालतं. बोलणाऱ्या माणसाला साल लावलं की तो मेल्यासारखा वाटतो. म्हणून मी नवा हुकूम तयार केला. आता कंसात येतं: (कडूबाई, तेर, ऐकलेलं). (अयोध्या आक्का, अणदूर, ऐकलेलं). छान दिसतं. सोमेशला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "वर्डमधी टाइप केलं असतं तर ह्या वेळंत तुमची दुसरी पीएच.डी. झाली असती."

काम करताना कॅसेट लावली होती. फरहाना शेंगा फोडत बसली होती. मुलगी टेपवर मध्येच हसते, आधी नाकातून, मग मोठ्यानं. फरहाना थांबली. म्हणाली, "ये तो अणदूर की आक्का सरीका हसती."

मी म्हटलं, खेड्यातल्या बाया सगळ्या तशाच हसतात.

ती म्हणाली, "मैं हसती क्या वैसा?"

ती तशी हसत नाही, हे खरं आहे. पण यातून सिद्ध काय होतं?

छाननी समितीचं नवं पत्र आलं आहे. तोंडी माहिती देणारी माणसं हयात असतील तर त्यांचं संमतीपत्र हवं, पूर्ण नावानिशी. मुरुमची झाली. रविवारी अणदूरला जाऊन येतो.

२३ फेब्रुवारी, रविवार. अणदूरहून आल्यावर

नीट, क्रमानं लिहितो.

फरहाना आणि मी मोटरसायकलवर गेलो. आक्कांचा मुलगा सिद्धाराम अंगणात तुरीचा भुसा भरत होता. "या सर. बसा. आई येलालीय देवळातून." देव सध्या अणदूरला आहे. खंडोबा वर्षातले काही महिने इथं असतो, काही महिने नळदुर्गला. दोन्ही गावांत लिखापढी होते आणि पालखी जाते. त्याच गोष्टी निघाल्या, चहा झाला, आक्का आल्या.

संमतीपत्रावर पूर्ण नाव लिहायचं होतं. त्या नवऱ्याचं नाव तोंडानं घेईनात, ते सिद्धारामनं सांगितलं. अंगठा झाला. मी खुशीत होतो. वाटलं, या बाईला दाखवावं की तिचं बोलणं किती मोलाचं आहे. म्हणालो, "आक्का, तुम्ही सांगितलं तेच तेरमधली एक पोरगी चाळीस वर्षांपूर्वी सांगून गेलीय. ऐका." आणि फोनवर कॅसेट लावली.

आक्का खाली बसल्या. गुरुजींचा आवाज आला, मग मुलीचा. टेपवरची मुलगी "राख आव्याची घ्यावी" म्हणायच्या आधीच आक्कांचे ओठ हलले. चिमटीचं वाक्य त्यांनी टेपच्या पुढं राहून म्हटलं. तिथं मागून एका बाईची हाक येते, "कडूऽ, आधी चाळून घे गं!" ती हाक मी शंभरदा ऐकली असेन. प्रबंधात तिला "पार्श्वभूमीचा आवाज" म्हटलं आहे. ती हाक आली आणि आक्कांनी पदर तोंडावर घेतला.

फरहाना त्यांच्याजवळ जाऊन बसली. टेप चालूच होती, मुलगी हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं.

पदर बाजूला करून आक्का म्हणाल्या, "ती पोरगी म्याच की, सर."

मी विचारलं, तुमचं नाव तर अयोध्या.

"ते हितलं. लगनात तांदळात लिवलं आन् बदललं. सासूबाई म्हनल्या, कडू नाव माझ्या उंबऱ्यात नगं. तवापासनं मला कुनी कडू म्हनलं न्हाय." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "आज म्हनलं."

मी विचारलं, तुम्ही मला माहेर का नाही सांगितलं?

"तुमी इचारलंच न्हाय. हिनं इचारलं व्हतं, तवा म्या नदीकाठचं म्हनले, आन् तुमी म्हनलाव, ते ऱ्हाऊ द्या, पेवाचं सांगा."

फरहाना माझ्याकडे बघत नव्हती. त्याबद्दल तिचा मी आभारी आहे.

सिद्धारामला सगळा प्रकार गमतीचा वाटला. मी दोन साक्षीदार म्हणून आईला दोनदा मोजलं, हे त्याला समजायला वेळ लागला नाही. म्हणाला, "सर, आमचा खंडोबा बी दोन गावचा हाय. पर दोन खंडोबा हायत असं कुनी म्हनत न्हाय."

२४ फेब्रुवारी, सोमवार

तासाला वर्गमूळ शिकवताना फळ्यावर चुकलो. पोरांनी दाखवून दिलं.

चौथं प्रकरण गेलं. याद्या समोरासमोरच्या पानांवर सुंदर दिसतात.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. धाराशिव

मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, खिडकीतून बाहेर पाहिलं. मग फार शांतपणे बोलल्या. ध्वनिमुद्रणं दोन आहेत. नावं दोन आहेत, दोन्ही खरी. गावं दोन आहेत. मधला काळ चाळीस वर्षांचा. "तुमची एकही नोंद खोटी नाही, सर. याद्याही वेगळ्याच आहेत. महिन्यावर मुदत आली. कोणता परीक्षक अणदूरला जाऊन विचारणार आहे?"

त्यांचं चुकतं असं मला वाटलं नाही. माझी नोंदणी वाचावी म्हणून त्या बोलत होत्या. माझ्यासाठी त्यांनी दोनदा विद्यापीठात शब्द टाकला आहे.

मी म्हणालो, "मॅडम, नोंद एकही खोटी नाही. पण दोन याद्या मिळून खोटं बोलतायत."

त्यांनी विचार करायला सांगितलं. सोमवारी कळवतो म्हणालो.

परत येताना एसटीत तुळजापूरपर्यंत उभा होतो. वाटेत एकदा असंही मनात आलं की टेप लावलीच नसती तर? संमतीपत्रावर अंगठा घेऊन निघालो असतो तर? हे इथं लिहून ठेवतो, कारण मनात आलं हे खरं आहे.

२ मार्च, रविवार

आज पहिला रोजा.

लहानपणी तेरच्या मशिदीच्या ओट्यावर हाफिजसाहेब आम्हां पोरांना सांगायचे की गवाही द्यायची वेळ आली तर खरी द्या, मग ती आपल्या आईबापाविरुद्ध जावो की आपल्या स्वतःविरुद्ध. तेव्हा वाटायचं, गवाही म्हणजे कोर्टात. पहाटेच्या सहेरीनंतर आज तेच आठवत बसलो. माझा प्रबंध म्हणजे मी दिलेली गवाहीच की. आणि त्यात मी एका बाईला दोन केलं.

एकदा हे दिसल्यावर मन हलकं झालं. मग यंत्रासमोर बसलो. लेटेकमध्ये एक सोय आहे: एकाच नोंदीला दोन किल्ल्या लावता येतात, म्हणजे जुन्या मजकुरात कोणत्याही नावानं हाक मारली तरी तीच नोंद येते. काय होतं ते पाहावं म्हणून तात्पुरतं तसं केलं. आणि चौथ्या प्रकरणात, जिथं मी मोठ्या तोऱ्यात दोन स्वतंत्र साक्षी लिहिलं होतं, तिथं कंसात आलं: (अयोध्या आक्का, अणदूर, ऐकलेलं; अयोध्या आक्का, अणदूर, ऐकलेलं).

पानानं जणू गालावर चापट मारली. पण ते बघतानाच दुसरं काही सुचलं. आव्याची राख अणदूरला कुणी जाणत नव्हतं. आक्का जाणत होत्या, कारण त्या तेरहून आल्या. म्हणजे पद्धत साऱ्या मुलखात पसरलेली नव्हती. ती एका मुलीबरोबर सासरी गेली. मग बाकीच्या? तेर सोडून आणखी कुठं आव्याची राख सांगणाऱ्या बाया मला भेटल्या होत्या, त्या मूळच्या कुठल्या?

माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. फरहानानं सांगितलं होतं, तारखेनिशी वर लिहिलेलं आहे.

मॅडमना फोन केला. चौथं प्रकरण पाडतो म्हणालो.

त्या म्हणाल्या, "पाडा. पण अठ्ठावीसला मी सही करीन तेव्हा तिथं नवी भिंत उभी दिसली पाहिजे. नुसता खड्डा चालणार नाही."

९ मार्च, रविवार

आठवडाभर फोन आणि फेऱ्या. म्हणजे फोन फरहानाचे आणि फेऱ्या माझ्या. मी फोन केला की समोरून मुलगा किंवा नातू बोलतो, आजीचं माहेर त्याला ठाऊक नसतं, नंतर सांगतो म्हणतो. फरहाना फोन करते आणि पाच मिनिटांत आजी स्वतः बोलायला लागते, मग माहेर, भाऊ, भाचे, लग्नात आलेला पाऊस, सगळं. उपासाच्या तोंडानं ती एवढं बोलते याचं नवल वाटतं. काल इफ्तारीनंतर ती लगेच आडवी झाली. दमली असावी.

यंत्रात "माहेर" आणि "माहेरचं नाव" असे दोन नवे रकाने तयार केले. लेटेकला मुळात असले रकाने ठाऊक नाहीत. आपल्याला हवा तो रकाना शिकवावा लागतो, आणि यादीत तो कुठं छापायचा तेही. दोन दिवस ते ऐकेना. सारखं म्हणायचं, असा रकाना मला माहीत नाही. मला त्याचा राग आला नाही. मलाही माहीत नव्हता.

१६ मार्च, रविवार

नवी भिंत उभी राहते आहे.

तेर सोडून इतर गावांत आव्याची राख सांगणाऱ्या ज्या बाया होत्या, त्यांतल्या बहुतेकींचं माहेर तेरणा नदीकाठी, कुंभारवाडा असलेल्या गावांत निघालं. सासरी जाताना त्यांनी राखेचं ज्ञान नेलं. कुठं सासूनं ऐकलं, कुठं नाही. अणदूरला आक्कांच्या सासूनं ऐकलं नव्हतं. सासू वारल्यावर आक्कांनी आपलं सुरू केलं. एक मुरुमची बाई मात्र बसत नाही. तिचं माहेर पार कर्नाटकात आणि तरी ती आव्याचीच राख सांगते. हर्षाली मॅडमनी विचारलं, हिचं काय करायचं? मी म्हणालो, ती तशीच राहील, न बसणारी म्हणून, तिच्या नावानिशी. मॅडम हसल्या. फोनवरही कळतं.

याद्या गावानुसारच ठेवल्या आहेत, पण आता प्रत्येक बाईच्या नावाखाली माहेर आहे. म्हणून एका यादीतून दुसऱ्या यादीकडे वाट दिसते. माहेरची माहिती ज्या नोंदींत फरहानानं घेतली, तिथं शेवटी "विचारणारी: फरहाना" असं छापून येतं. असं जवळजवळ सगळीकडे आलं. मला वाटलं होतं थोड्या ठिकाणी येईल.

तिला पानं दिली. ती कांदा चिरत होती, हात पुसून तिनं पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग सगळी चाळली. म्हणाली, "नाम डबल कंस में डाले ना? नै तो तुम्हारी मशीन मेरे कू भी उलटा करती."

मग म्हणाली, आज भजी खा पोटभर, उद्या सहेरीला उठवणार नाही मी, तुम्हीच मला उठवा.

२३ मार्च, रविवार. अणदूर

आक्कांना त्यांच्या नोंदी वाचून दाखवायला गेलो. छापायच्या आधी त्यांची मान हलावी असं वाटत होतं. नाव कोणतं ठेवायचं हेही विचारायचं होतं.

मी पर्याय सांगितले. सगळीकडे अयोध्या करता येईल. सगळीकडे कडूबाई करता येईल. त्यांनी सिद्धारामकडे पाहिलं. तो म्हणाला, "आई, तुझं तू सांग. मला तर ह्या महिन्यातच कळलं तुझं नाव."

आक्का म्हणाल्या, "टेपवरली कडू हाय. तिला कडूच ऱ्हाऊ द्या. हितं बसलेली अयोध्या. दोन्ही लिवा, पर बाई एकच हाय असं बी लिवा."

मी तेच करून नेलं होतं, पण ते त्यांच्याकडून यायला हवं होतं. वाचून दाखवलं. तेरच्या यादीत: कडूबाई. ध्वनिफीत, मुद्रण बब्रुवान गुरुजी. सासरचं नाव अयोध्या, पाहा अणदूर. अणदूरच्या यादीत: अयोध्या आक्का. माहेर तेर, माहेरचं नाव कडूबाई, पाहा तेर. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. कागदावर कडूबाई कुठं आहे ते बोटानं दाखवायला सांगितलं. तिथं त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मग म्हणाल्या, "आन् आईला कुठं घातलाव?"

मी म्हणालो, कोणती आई?

"मागनं हाक मारती ती. चाळून घे म्हनती."

मी सांगितलं की ती फक्त एक हाक आहे, माहिती तुम्ही दिली आहे.

"मला कुनी शिकवलं मग, सर?"

मी वही काढली. आईचं नाव सुगलाबाई. गाव तेर. माहेर? आक्का म्हणाल्या, "वरल्या अंगाला कुटं तरी. बैलगाडीत मुक्काम करून जावं लागायचं म्हनायची. म्या कदी गेलेच न्हाय. मामा लवकर मेला." माहेरचं नाव?

"सुगला बी सासरचंच असंल की. पयलं काय व्हतं कुनाला ठावं? तिला हाक मारनारं कुनी ऱ्हायलंच न्हवतं."

फरहानानं विचारून पाहिलं. इकडून, तिकडून, भावाचं नाव, गावचा देव, जत्रा. काही निघालं नाही. निघताना आक्कांनी तिच्या पिशवीत ज्वारी घातली, पायलीभर तरी असेल. घरी येऊन चाळली तर तळाला राख निघाली, चिमटीत धरली की निसटणारी.

२८ मार्च, शुक्रवार. धाराशिव

रमजानचा शेवटचा जुमा. सकाळीच मॅडमची सही झाली. चौथं प्रकरण त्यांनी पुन्हा उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाल्या, आधीचं गुळगुळीत होतं, हे खरखरीत आहे, पण हे पडणार नाही.

तेरच्या यादीत सुगलाबाईंची नोंद घातली आहे. काल तिच्यावरून यंत्राशी शेवटचा वाद झाला. रकाना रिकामा असला की तो छापू नये, असं मीच आधी त्याला शिकवून ठेवलं होतं, त्यामुळे नोंद दीडच ओळीची येत होती, जणू त्या बाईला माहेर नव्हतंच. तो हुकूम मोडला. आता माहेर या शब्दापुढं जागा सुटते, माहेरचं नाव या शब्दांपुढंही सुटते.

जुम्याची नमाज झाल्यावर छपाईच्या दुकानात गेलो. विद्यापीठाची खिडकी बंद व्हायला वेळ होता. दुकानातला वीरप्पा बांधणीआधी प्रत्येक पान उलटून पाहतो, सवयच आहे त्याची. याद्यांच्या पानावर तो थांबला आणि ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "सर, हितं काईतरी लिवायचं ऱ्हायलंय बगा."

राहिलंच आहे, म्हणालो. तसंच छापा.